डिड यू चेक

“‘डिड यू चेक्ड’ नाही गं, ‘डिड यू चेक’!” सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. “डिड आला की क्रियापदाने मूळ अवतारात यायचं. मला भिंतीआडून ऐकून पाठ झालं आणि तू समोर बसून चुकतेस.”

सुनेने व्हिडिओ थांबवला. फळ्यापुढचे सर खडू उगारलेल्या हातासकट गोठले.

“आई, तुम्हाला उद्या जायचं नाहीये. मला जायचंय.”

“मग मलाच पाठव. पांढरा कोट तेवढा दे.”

नवरा वर्तमानपत्रामागे हसला. तिने त्याच्याकडे एक नजर टाकली, तसं वर्तमानपत्र थोडं वर सरकलं.

धडे फुकट होते. एकूण चौसष्ट, आणि दर आठ मिनिटांनी फरशीची जाहिरात. चाळीस दिवसांत तिने सगळे संपवले होते. वहीत तक्ता केला होता: रोज वीस वाक्यं मोठ्याने बोलायची आणि चुका मोजायच्या. पहिल्या दिवशी अकरा, दहाव्या दिवशी आठ, काल दोन. आलेख खाली येत होता, पण शून्याला काही टेकत नव्हता.

लिहिताना तिची क्रियापदं शहाण्यासारखी वागत. तोंडातून निघाली की उधळत.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन तीन वर्षं झाली होती आणि तीन वर्षं ती कार्यालयात फायलींना नंबर घालत होती. उपकरणांचे आकडे, पाण्याचे नमुने, सगळं तिला फक्त कागदावर भेटायचं. मग गेल्या महिन्यात साहेबांनी बोलावून घेतलं.

“पुढच्या महिन्यात पाण्याच्या लॅबची तपासणी आहे. या वेळी तू. अहवाल बाहेरच्या देशात जातो, त्यामुळे सगळं बोलणं इंग्रजीत, असा नियम आहे. नीट झालं तर यापुढे लॅबचं काम तुझं. फसलं तर परत फायली.”

“प्रश्न जमतायत ना आता?” रात्री नवऱ्याने विचारलं.

“तिथेच तर घोडं अडतं. साधं वाक्य सरळ जातं. प्रश्न आला की जीभ टाळ्याला चिकटते.”

“मग हळू बोल. हळू बोलणारा माणूस विद्वान वाटतो.”

“तुम्ही तर बोलतच नाही.”

“म्हणून तर माझी किती पत आहे बघ.”

सोमवारी सव्वानऊला ती लॅबमध्ये पोचली तेव्हा एक टायवाले गृहस्थ आधीच येऊन बसले होते. पन्नाशीचे, जाड चष्मा, समोर चार बोटं जाडीची फाईल. आज दिवसभर ज्यांच्याशी बोलायचं ते हेच, हे तिने ओळखलं. ओट्यापाशी दोन तंत्रज्ञ मुली शाळेत प्रार्थनेला उभ्या राहाव्यात तशा उभ्या होत्या.

“गुड मॉर्निंग,” ती म्हणाली. यात क्रियापद नव्हतं. बरं गेलं.

“गुड मॉर्निंग,” गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी टाय सारखा केला.

सुरुवात तराजूपासून झाली. मग पिपेटा, मग नमुन्यांचा फ्रिज. फ्रिजवर तापमापी लटकत होती. चार पूर्णांक दोन अंश. तापमापीचा विषय निघणारच होता.

“डिड यू...” हे दोन शब्द खोलीत पडले आणि तिला वाटलं, घड्याळही थांबलं. आता ‘चेक’ की ‘चेक्ड’?

“...चेक धिस लास्ट मंथ?”

‘चेक’ आलं. तिचा जीव भांड्यात पडला.

“येस,” हे उत्तर. एकाच शब्दाचं, पण स्वच्छ.

दुपारपर्यंत गाडी रुळावर राहिली. जंतू वाढवायच्या उबवणी यंत्राच्या नोंदींपाशी मात्र ती घसरली. ‘हॅज’च्या पुढे ‘रिटन’ऐवजी ‘रोट’ निसटलं. कानापर्यंत लाल होत तिने गृहस्थांकडे पाहिलं.

गृहस्थांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. नोंदवही ओढून घेतली आणि एकेक पान उलटत ते मागे मागे जाऊ लागले. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. एक तंत्रज्ञ मुलगी नखं खात होती. लॅबचं नवं काम आपल्या हातून चाललं, असं तिला वाटलं. डोळ्यांपुढे नंबर न घातलेल्या फायलींची चळत उभी राहिली.

शेवटी गृहस्थांचं बोट एका ओळीवर टेकलं. “हिअर,” ते म्हणाले.

ती वाकली. नोंद जागेवर होती. तारीख, आकडा, सही. सगळं.

“गुड,” ती म्हणाली, कारण दुसरं काही सुचलं नाही.

गृहस्थ पहिल्यांदाच हसले. मग तीही हसली. नखं खाणाऱ्या मुलीने हात खाली घेतला.

साडेचारला शेवटचं ‘थँक यू’ झालं. कोट काढून ती व्हरांड्यात आली आणि आधी घरी फोन लावला.

“आई, सुटले एकदाची.”

“चुका किती?”

“दोन. एक मोठी.”

“कोणी काही बोललं?”

“कोणी काही म्हणजे काही बोललं नाही.”

“मग ती झालीच नाही. ये लवकर, चहा टाकते.”

तिने फोन ठेवला. खांदे किती वेळ आखडून धरले होते, हे ते सैल पडल्यावर तिला कळलं. मागे पावलं वाजली. टायवाले गृहस्थ होते. टाय त्यांनी सोडून खिशात कोंबला होता आणि सदऱ्याची पाठ घामाने ओली झाली होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि दिवसभरात पहिल्यांदा मराठीत तोंड उघडलं.

“मॅडम, तपासायला एवढ्या लांबून आलात, आता एवढंच सांगा. आमची लॅब पास आहे ना?”