राजाची वाक्यं

मुकुट सोपवण्याच्या प्रवेशात राजा पुन्हा अडकला.

मुकुट डोक्यावरून निघून हातात आला होता. समोर धाकटा भाऊ उभा होता, राजाच्याच मुलाला कोठडीत टाकून गादी घ्यायला आलेला. आता राजाने बोलायचं होतं, आणि राजा नुसताच मुकुटाकडे बघत राहिला.

विंगेत राजाचं काम करणाऱ्या नटाची बायको संहिता मांडीवर घेऊन बसली होती. लग्न होऊन आली तेव्हापासून प्रॉम्प्टिंग तिच्याकडेच. या मंडळींची जुनी शिस्त होती: प्रॉम्प्टरने फक्त पहिला शब्द द्यायचा, पुढचं नटाने स्वतः आणायचं. ती हळूच म्हणाली, "वडिलांनी." राजाला ऐकू गेलं नाही. मग थोडं मोठ्याने म्हणाली. ते मात्र समोर बसलेल्या दिग्दर्शकालाही ऐकू गेलं.

त्याने पेन्सिल उचलली.

तालमीआधी तो तिला बाजूला घेऊन बोलला होता. "काकू, राग मानू नका. आज काका अडकले तर हा प्रवेश कापतो. राजाला पहिल्या अंकातच मारू. लोकांसमोर फजिती होण्यापेक्षा बरं." त्याचं चूक नव्हतं. चहा झाला का, हे नवरा हल्ली चहा पिऊन झाल्यावर विचारायचा. पण हा प्रवेश तो ऐन तरुणपणापासून करत आला होता. त्यासाठीच तर तो अजून सकाळी उठून दाढी करायचा.

"वडिलांनी," ती पुन्हा म्हणाली.

राजाने विंगेकडे पाहिलं. त्या नजरेत नाटकातलं काही नव्हतं.

तेवढ्यात धाकटा भाऊ पुढे सरकला. हे काम दातांच्या डॉक्टरांकडे होतं. दवाखाना बंद करून ते तालमीला यायचे. संहितेप्रमाणे त्यांनी इथे मुकाट उभं राहायचं होतं. त्यांनी राजाची हनुवटी दोन बोटांनी वर उचलली. समोरच्याला तोंड उघडायला लावायची सवय त्यांना होतीच.

"काय म्हणणार आहात, ठाऊक आहे मला. वडिलांनी मरताना माझा हात तुमच्या हातात दिला होता. हेच ना?"

"दिला होता." राजाच्या आवाजाला धार आली. "आणि त्याच हाताने आज..."

"त्याच हाताने आज मुकुट घेतोय. पुढे? पोराचं विचारायचं राहिलं की."

"त्याच्या कोठडीत दिवा तरी राहू दे," राजा म्हणाला. "तो अंधाराला भितो."

हे त्याला कुणी दिलं नव्हतं. बायकोने संहितेवरचं बोट उचललं.

पुढचा सगळा प्रवेश असाच झाला. राजा थांबला की धाकटा त्याचं वाक्य हिसकावून घ्यायचा, वेडावून म्हणून दाखवायचा आणि उरलेला तुकडा त्याच्यापुढे टाकायचा.

मुकुट देऊन झाल्यावर काका स्टेजच्या कडेला टेकले.

"डॉक्टर, माझी निम्मी वाक्यं खाल्लीत तुम्ही."

"गादी घेतली, मुकुट घेतला. वाक्यं तेवढी कशाला सोडू, काका?"

काका म्हणाले, "प्रयोगातही सोडू नका."

दिग्दर्शकाने पेन्सिल खिशात टाकली. "प्रवेश राहू दे," तो म्हणाला. "असाच."

विंगेत कपडेपट सांभाळणारी बाई राजाच्या अंगरख्याला काठ लावायला थांबली होती. हे नाटक ती पहिल्यांदाच बघत होती. सुईत दोरा ओवायचा तसाच राहिला होता.

"काय बाई निर्दयी," ती म्हणाली. "म्हाताऱ्याला एक वाक्य धड बोलू दिलं नाही. असा भाऊ वैऱ्यालाही मिळू नये."

काकूंनी संहिता मिटली, कपाळाला लावली.

"मला तर वाटतं," त्या हळूच म्हणाल्या, "सगळ्यांना मिळावा."