पाळणा लांबवा

रामजन्माचं कीर्तन रंगात आलं होतं. बुवांनी पाळणा म्हणायला घेतला, बायका फुलं-गुलाल घेऊन सरसावल्या. पण एरवी पहिल्याच ओळीला डोळे भरून येणाऱ्या गोदाक्कांचं आज पाळण्याकडे लक्षच नव्हतं. काल त्यांच्या सुनेला सातव्या महिन्यातच मुलगी झाली होती. तळहाताएवढा तो जीव इस्पितळात काचेच्या पेटीत श्वासासाठी झगडत होता.

"ग्रहणात विळी धरली असेल हो तुमच्या सुनेनं," शेजारच्या ताराबाई कुजबुजल्या. "हल्लीच्या मुली पाळतात कुठे!"

गोदाक्कांचा थोरला नातू अजून वर्षाचाही नव्हता. त्याच्या वेळी नर्सबाईंनी बजावलं होतं, "दोन वर्षं पाळणा लांबवा. बाळंतिणीचं अंग सावरायच्या आत पुन्हा दिवस राहिले, तर बाळ वेळेआधी येण्याची भीती असते." त्यावर लेकानं, मुकुंदानं, घरी येऊन पाळण्याची दोरी वीतभर सोडली होती आणि "घ्या, लांबवला!" म्हणून तो खदाखदा हसला होता. गोदाक्काही हसल्या होत्या.

आता तोच मुकुंदा सुंठवडा वाटत आला. कुणीतरी त्याची पाठ थोपटली. "लागोपाठ दोन! रामाची कृपा," तो मिशीत हसत म्हणाला.

गोदाक्कांना तो प्रसाद घेववेना. किळस आली त्यांना, लेकाची आणि स्वतःचीही.

"रामाला मध्ये आणू नकोस, मेल्या," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "त्यानं कौसल्येच्या पोटी दिवस भरू दिले होते. आपण या लेकरासाठी तेवढाही धीर धरला नाही."