लॉरीखालचा नंबर

कल्याणच्या गुणाजीची लष्कराच्या लिलावातली लॉरी महिनाभर दारात उभी होती. मुंबईहून मागवलेला गियर दोनदा भलत्याच मॉडेलचा निघाला होता.

"लॉरीच चालेना, तर शाळेची फी कुठली? उद्यापासून घरी बस," त्याने शेवंतीला, सातवीतल्या लेकीला, बजावलं.

पोरगी तडक वहीचं पान घेऊन लॉरीखाली घुसली! सांगाड्यावर कोरलेल्या नंबरावर पान ठेवून तिने पेन्सिल घासली आणि उमटलेला ठसा मुंबईच्या दुकानदाराला धाडला. त्यावरून त्याला नेमकं मॉडेल कळलं, अन् तिसरा गियर अस्सा चपखल बसला!

सोमवारी दारात पाच लॉऱ्या. "गुणाजी, पोरीला बोलव की रे! आमचापण ठसा काढायचाय."

गुणाजी ऐटीत उंबऱ्यावर आला.



"बाईसाहेब शाळेत गेल्यात. सुटल्यावर या."