पडदाभर रंग

“निळा!” आई खुर्चीतून ठणकावून म्हणाली.

धाकट्याने तिच्या पुढ्यातल्या टॅबकडे पाहिलं. पडदा लालभडक होता.

“झालं! पुन्हा घोळ,” तो पुटपुटला आणि त्याने लॅपटॉप जवळ ओढला.

घोळ आपल्याच कामात आहे, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. हा म्युझिक प्लेयर त्याने खास आईसाठी बनवला होता. गाणं लागलं, की त्याच्या रेकॉर्डच्या कव्हरवरचा मुख्य रंग शोधायचा आणि अख्खा पडदा त्याच रंगाचा करायचा. आईच्या नजरेतून अक्षरं केव्हाच गेली होती. रंग तेवढे उरले होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला बाहेर नेऊन बजावलं होतं, “रोज रंग विचारत जा. त्या चुकायला लागल्या, की आठवड्याच्या आत ऑपरेशन. उशीर झाला, तर मग माझ्याही हातात काही नाही.” ही मुदत त्याने आईला सांगितली नव्हती. उगाच जिवाला धास्ती कशाला?

रंगीत कार्डं दाखवली, तर आई भडकायची. “मी काय बालवाडीत आहे का रे?” म्हणून ही गाण्यांची युक्ती. रोज संध्याकाळी तिच्या आवडीची तीन जुनी गाणी, तीन रंग. चार महिन्यांत एकदाही चूक नाही. धाकट्याला आभाळ ठेंगणं झालं होतं.

त्याने कव्हर उघडून पाहिलं. निळंच होतं, फक्त कोपऱ्यात गाणाऱ्या बाईची लाल शाल. कालच त्याने भडक रंगांना झुकतं माप देणाऱ्या दोन ओळी प्रोग्रॅममध्ये घुसडल्या होत्या, आणि त्या एवढ्याशा शालीने बाजी मारली होती.

“आई, तुझंच बरोबर! गाढवपणा माझा. निळाच यायला हवा होता.”

“मग! तीस वर्षं रेकॉर्डचं दुकान चालवलंय मी. कव्हर न् कव्हर पाठ आहे मला.”

तो हसला. त्या दोन ओळी खोडायला घेतल्या आणि मध्येच त्याची बोटं थांबली. कव्हर निळं होतं, कबूल. पण आईसमोरचा पडदा तर लाल होता.

तो उठला. त्याने टॅब उलटा फिरवला, त्याची काळी पाठ आईकडे केली आणि दुसरं गाणं लावलं.

सुरुवातीची सतार वाजते न वाजते तोच आई म्हणाली, “हिरवा.”

कव्हर हिरवंच होतं. धाकट्याने गाणं बंद केलं.

“आई, कधीपासून दिसत नाहीये?”

आईने पदराशी चाळा केला. मग पोरगी चोरी पकडली गेल्यावर हसते, तशी कसनुशी हसली.

“तू हे पहिल्यांदा दाखवायला आणलंस ना, त्याच्या दोन दिवस आधी. सांगणारच होते रे. पण तू इतका हरखून बोलत होतास… म्हटलं, आज नको, उद्या सांगू. एका दिवसाने काय बिघडतंय?”