पट्टीखालची सही

आत्याने सिलिंडरवरच्या पट्टीवर एक नजर टाकली, पेन काढलं आणि खाली झोकात सही केली.

"झालं. पुढे?"

पाणबुड्यांच्या सिलिंडरांत हवा भरायच्या खोलीतले बाकीचे दोघे, नव्यानेच लग्न झालेलं जोडपं, अजून आपापल्या सिलिंडरला प्राणवायू मोजायचा मीटर लावून आकडा स्थिरावायची वाट बघत होते. लेखी परीक्षेतही आत्याचाच पेपर आधी आला होता, एकही चूक नव्हती. आता एवढं पार पडलं की कार्ड हातात येणार होतं, आणि उद्याच्या बोटीवर तिला प्राणवायू वाढवलेली हवा मिळणार होती. साध्या हवेवर खोल पाण्यात फार वेळ थांबता येत नाही. बुडालेल्या जहाजाचं नाक तिने कितीदा तरी पाहिलं होतं. मागचा पंखा काही अजून बघून झाला नव्हता.

शिकवणारा तिचा भाचा. त्याने तिची पट्टी वाचली. अक्षर त्याचंच होतं. बत्तीस टक्के प्राणवायू, तेहेतीस मीटर खोलीपर्यंत, सही. त्याखाली आत्याची सही.

"आत्या, मीटर लावलास?"

"कशाला? तू लावलास ना. सही आहे तुझी."

"म्हणजे नाही लावलास."

"अरे, घरच्या माणसाच्या सहीवर भागत नसेल तर काय तलाठी बोलावू?"

नवी नवरी हसली. भाचा हसला नाही. त्याने मीटर आधी खोलीतल्या हवेत धरून साध्या हवेच्या एकवीसवर आणला, मग सिलिंडरला लावून झडप किंचित उघडली. आकडा चढत गेला. बत्तीस ओलांडून चाळीसवर थांबला.

"पट्टी मी मुद्दाम चुकीची लावली होती," तो म्हणाला. "हा सिलिंडर या खोलीबाहेर जाणारच नव्हता. पण ही हवा पंचवीस मीटरच्या खाली चालत नाही, आणि तुझा पंखा आहे तिसावर. तिथे जास्तीच्या प्राणवायूने झटका आला असता तर तोंडातली नळी सुटली असती." त्याने झडप बंद केली. "नापास, आत्या."

जोडप्याने माना मीटरात घातल्या.

"तुला पोहायला कोणी शिकवलं?" आत्याने विचारलं.

"तू. आणि मला तळ्यात सोडायच्या आधी काठी घालून तळ बघायचीस. आजोबा काठावरून ओरडायचे, 'अगं, कमरेइतकंच आहे.' तरी बघायचीस."



"बरं लक्षात आहे रे मेल्या," ती म्हणाली. मग तिने पट्टीवरची आपली सही आडवी खोडली. "दुसरा आण."

दुसरा आला. भाचा मीटर पुढे करायला लागला, तर तिने त्याचा हात बाजूला सारला. मीटर आधी हवेत धरला, एकवीसवर आणला. मग झडप उघडली आणि आकडा हलायचा पूर्ण थांबेपर्यंत डोळा काढला नाही. बत्तीस. कोरी पट्टी चिकटवली, टक्के लिहिले, खोली लिहिली. सही या वेळी हळू केली.

"पास," भाचा म्हणाला.

"ते ठाऊक आहे."

उद्या तोही तिच्याबरोबर उतरणार होता. त्याचा सिलिंडर शेजारीच उभा होता. तो जोडप्याचे आकडे तपासून परत येईपर्यंत आत्याने लागल्या हाताने तोही मोजून टाकला होता. पट्टीवर तिचं गोल, ठसठशीत अक्षर.

"वा. माझंही काम केलंस," तो म्हणाला आणि सही करायला वाकला. त्याने खिसा चाचपला. पेन नव्हतं.

पेन आत्याच्या हातात होतं. तिने ते पाठीमागे धरलं, आणि दुसऱ्या हाताने मीटर त्याच्यापुढे केला.