एल्डनचे कान

एल्डनच्या डोक्यावरचा हेडफोन उतरवून कॉलीननं बाजूला ठेवला.

"आजोबांच्या कानाची नळी वयानं मऊ पडलीय," तपासणारी ती पोर म्हणाली. "हा वरून दाबला की ती मिटते. मग आवाज आत जाणार कसा? मागच्या वेळी हेच झालं असणार."

"मोठ्यानं बोल गं, त्याला ऐकू येऊ दे," म्हणत त्याच्या बायकोनं, व्हर्नानं, खुर्ची पुढे ओढली. हल्लीची पोरं नुसती पुटपुटतात.

कॉलीननं मऊ स्पंजाची बोंडं एल्डनच्या कानांत बसवली आणि त्याला काचेच्या खोलीत नेलं. बाहेर व्हर्नाचा जीव टांगणीला लागला.

व्हरमाँटच्या उतारावरचं मेपलचं रान दोघांनी जन्मभर राखलं होतं. बर्फ वितळू लागलं की एल्डन झाडाझाडाचा रस गोळा करी, व्हर्ना खोपटात कढईपाशी बसे. रस आटत आला की ती दोन बोटं तोंडात घालून शीळ घाली. एल्डन असेल तिथून बादल्या घेऊन धावत येई. त्या शिळेवर भाळूनच त्यानं तिला मागणी घातली होती. काय दिवस होते ते!

दात जाऊन कवळी आली होती, तरी गेल्या वसंतात तिनं जीव तोडून शिळेवर शीळ घातली. एल्डन फिरकला नाही. पाक करपला, कढई गेली. "बाबा बहिरे झालेत. रान विका आणि गावात या," मुलगा रॉस म्हणाला. तपासणीतही तेच निघालं. घरातली शिट्टीची किटलीसुद्धा मुकी झालेली. नवी आणली, तीही तशीच. नशीब, एल्डन सवयीनं उठून ती उतरवायचा.

कॉलीन हसतच बाहेर आली. "आजोबांचे कान ठणठणीत आहेत!"

व्हर्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. रान वाचलं.

"मी कधीचा सांगतोय," एल्डन कुरकुरला. "पण माझं ऐकतंय कोण?"

"मग त्या दिवशी आला का नाहीस रे मेल्या?"

"तू बोलावलंसच कुठे?"

"बघा, अजून खोटं बोलतोय! कर भिंतीकडे तोंड."

एल्डन वळला. व्हर्नानं दोन बोटं तोंडात घातली, छाती भरून श्वास घेतला आणि लग्नाआधी घालायची तशी लांबलचक शीळ घातली.

एल्डन भिंतीकडे बघत उभाच होता.

"घाला ना आजी," कॉलीन मोठ्यानं म्हणाली. "आजोबा कधीचे थांबलेत."