दानम्माची नाडी

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. त्या वर्षीच्या दुष्काळात पाण्याच्या टँकरमागं पळताना माझी बायको दानम्मा चक्कर येऊन पडली, म्हणून मी तिला लातुरातल्या एका डॉक्टराकडे नेलं. त्यानं तिची दोन्ही मनगटं धरून पाहिली. नाडी लागेना.

छातीत मात्र ठोके चालू होते. डॉक्टर खूश झाला. "लाखात एक केस," म्हणत त्यानं आणखी चार डॉक्टर बोलावले. सगळ्यांनी तिचे हात दाबून पाहिले आणि हसले. "बाई, कागदावर तुम्ही मेलेल्या!"

"मग घरी भाकरी कोण थापायलंय?" दानम्मा म्हणाली.

औषध एकानंही दिलं नाही. अकराव्या दिवशी ती गेली. त्यांची ती हसरी तोंडं आठवली की आजही वाटतं, एकेकाला रस्त्यावर ओढावं.

आम्हा लिंगायतांत मयताला खड्ड्यात बसवतात. तिच्या गळ्यातलं इष्टलिंग हातात ठेवायला मी तिचा डावा तळहात उघडला, तर मनगटात नाडी उडत होती. जोरात.

"माती लोटू नका!" मी ओरडलो. "जिती हाय ती!"

विधीला आलेले जंगमस्वामी खड्ड्यात उतरले. त्यांनी तिचं मनगट बराच वेळ धरलं. मग माझं धरलं.

"धोंडप्पा," ते हळूच म्हणाले, "हिची लागतीय. तुझी लागत न्हाई."